जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’

काठीतल्या पूर्वजांची नोंद शोधायची तर आधी जिल्हा कोणता, हे ठरवावे लागते. काठी हे मेवासी संस्थान. १९०६ मध्ये खानदेशची विभागणी झाली तेव्हा ते पश्चिम खानदेशात गेले. पुढे तोच धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ पासून काठी नंदुरबार जिल्ह्यात आहे. त्यामुळे एकाच घराण्याचे कागद अक्कलकुवा, नंदुरबार आणि धुळे अशा तीन ठिकाणी असू शकतात.

आम्ही पिंजारी. ओबीसी दाखल्याच्या पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा आणि रहिवासाचा पुरावा मागतात. शाळेच्या जनरल रजिस्टरात मात्र आजोबांची जात फक्त ‘मुसलमान’ अशी आहे. लिहिणाऱ्याने धर्म नोंदवला, कापूस पिंजणारे हात सोडून दिले.

म्हणून मी आता कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी आणि जुने फेरफार पाहतो आहे. काही पाने मोडीत आहेत, वाचणारा गाठावा लागतो. तिथे नावापुढे ‘पिंजारी’ सापडले, तर पुढच्या पिढीची शिष्यवृत्ती वाचेल. शिवाय मुसलमान म्हणजे एकच जमात नव्हे, इथल्याच कष्टाच्या धंद्यांतून आलेली माणसे आहेत, हेही कागदावर राहील. घरातल्या वडीलधाऱ्यांना नावे, गावे आणि धंदे आजच विचारून लिहून ठेवा. दप्तरात शोध घ्यायचा तर सुरुवात तिथूनच होते.