'बुत' : एका फारसी शब्दाचे मूळ

मूर्ती फोडणारा तो 'बुतशिकन', मूर्ती पूजणारा तो 'बुतपरस्त'. उर्दूच्या मार्गाने हे फारसी शब्द आपल्या परिचयाचे झाले आहेत. परंतु त्यांतील 'बुत' या शब्दाच्या मुळाशी तथागतांचे नाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती' या अपूर्ण राहिलेल्या लेखनात या व्युत्पत्तीकडे लक्ष वेधले आहे. मुस्लिम आक्रमकांच्या दृष्टीने मूर्तिपूजा आणि बुद्धाचा धम्म ही एकच गोष्ट ठरली होती, याचा पुरावा त्यांना या शब्दात दिसला. त्यांनी 'बुत' हा शब्द अरबी मानला होता. आजचे भाषाशास्त्र त्यास इराणी कुळातील मानते. या दुरुस्तीने बाबासाहेबांचा मूळ मुद्दा ढळत नाही; उलट शब्दाचा इतिहास अधिक मागे जातो.

मध्य आशियातील सोग्दी बौद्धांच्या ग्रंथांत 'बुद्ध' हे नाम 'त'काराने लिहिलेले आढळते. तुर्फान येथे सापडलेल्या मानी पंथाच्या मध्य-फारसी लिखाणातही 'बुत' म्हणजे साक्षात बुद्धच. म्हणजे हा शब्द प्रथम आदराचे नाम होता. 'मूर्ती' हा अर्थ त्यास पुढे चिकटला. अरबी भाषेने तो 'बुद्द' असा घेतला आणि सिंधमधील मूर्ती व मंदिरे यांना अरब इतिहासकारांनी तेच नाव दिले. जुन्या फारसीतील ऱ्हस्व 'उ' इराणात 'ओ'कडे झुकल्यामुळे तेहरानमध्ये आज 'बोत' असा उच्चार ऐकू येतो. अफगाणिस्तानात व उर्दूत मात्र 'बुत' टिकून आहे.

याच अफगाणिस्तानात बामियानच्या 55 व 38 मीटर उंचीच्या बुद्धमूर्तींना 'सुर्ख-बुत' व 'खिंग-बुत' म्हणत. 11व्या शतकातील कवी उन्सुरी याने त्यांच्या नावाने काव्य रचले. फारसी कवींनी तर लावण्यवती प्रियेलाही 'बुत' म्हटले. बल्ख येथील 'नौबहार' म्हणजे आपला 'नवविहार'.

मार्च 2001मध्ये तालिबानने त्या दोन्ही मूर्ती स्फोटकांनी उद्ध्वस्त केल्या. तथापि, 'बुतशिकन' म्हणून गौरव मिरविणाऱ्याच्या बिरुदातही बुद्धाचे नाव आहेच. ज्या भूमीतून धम्म लोपला, तेथील भाषेने त्याची साक्ष जपली. ती वाचावयास शिकणे हे आपले कर्तव्य होय.