पोर्ट्समथ ब्लॉक मिल्स

पोर्ट्समथ ब्लॉक मिल्स ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्ट्समथ येथील नौदल गोदीत, जहाजांसाठी लागणाऱ्या कप्प्या तयार करणारी यंत्रशाळा होती. ती १८०२ ते १८०६ या काळात उभी राहिली. एकेका क्रियेसाठी स्वतंत्र धातूचे यंत्र योजून मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणाऱ्या जगातील आरंभीच्या कारखान्यांत तिची गणना होते.

पार्श्वभूमी

शिडाच्या जहाजावर शिडे चढवण्या-उतरवण्याचे दोर लाकडी कप्प्यांवरून फिरत. ७४ तोफांच्या एका युद्धनौकेला अशा सुमारे एक हजार कप्प्या लागत आणि नौदलाची वार्षिक गरज एक लाखाच्या घरात होती. तोपर्यंत हा माल ठेकेदारांकडून येई. नौदल बांधकामांचे महानिरीक्षक सॅम्युअल बेंथॅम यांनी गोदीत वाफेचे इंजिन आधीच आणले होते. त्यांच्या पाठिंब्याने मार्क इसंबार्ड ब्रुनेल यांच्या आराखड्यांना मंजुरी मिळाली आणि हेन्री मॉड्स्ली यांनी लंडनमधील आपल्या कार्यशाळेत सुमारे ४५ यंत्रे घडवली.

कामाचे स्वरूप

वाफेच्या इंजिनाची गती छताखालच्या दांड्यांवरून आणि पट्ट्यांवरून प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचत असे. एल्मच्या लाकडाचा ठोकळा एका यंत्रावर भोक पाडून घेतला, की दुसऱ्यावर त्यात खाच पडे, तिसऱ्यावर त्याचे कोपरे कापले जात. आकार देण्याच्या यंत्रात दहा ठोकळे एका मोठ्या चाकाच्या परिघावर पकडून वेगाने फिरवत. एखादा निसटून कामगाराला लागू नये म्हणून भोवती लोखंडी पिंजरा असे. आतील चाके लिग्नम व्हिटी या अत्यंत कठीण लाकडाची असून त्यांच्या मध्यभागी धातूची पुंगळी बसवली जाई. कवचावरचा शेवटचा हात मात्र रंध्याने, माणसालाच फिरवावा लागे.

कामगारांवरील परिणाम

कवचांच्या कामावर चार माणसे पन्नास जणांचे, तर चाकांच्या कामावर सहा माणसे साठ जणांचे काम करू लागली, असे समकालीन वर्णन आहे. ‘११० कारागिरांऐवजी दहा माणसे’ हे नेहमी सांगितले जाणारे गणित यातूनच आले. ते या दोन कामांपुरतेच आहे, हे अनेकदा विसरले जाते. अधिक महत्त्वाचा बदल वेगळाच होता. पूर्वी माप आणि आकार कारागिराच्या नजरेत व हातात असत. आता ते यंत्रात बसवलेले होते. ठोकळा पकडणे, यंत्र चालू करणे आणि वेळेवर थांबवणे, एवढे अकुशल माणसालाही थोडक्या सरावाने जमत असे. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या उमेदवारीने मिळवलेल्या कसबाची किंमत घटली. १८०८ मध्ये येथे सुमारे १,३०,००० कप्प्या तयार झाल्या. ब्रुनेल यांना मोबदला म्हणून एका वर्षाच्या बचतीइतकी, सतरा हजार पौंडांहून थोडी अधिक रक्कम मिळाली.

यंत्रशाळा पाहण्यासाठी इतकी गर्दी होऊ लागली, की कामात अडथळा येऊ नये म्हणून कुंपण घालावे लागले. ट्रफाल्गरच्या मोहिमेवर निघण्यापूर्वी, १४ सप्टेंबर १८०५ रोजी ॲडमिरल नेल्सन यांनीही येथे भेट दिली होती.

सद्यःस्थिती

काही यंत्रे शंभराहून अधिक वर्षे वापरात होती. त्यांपैकी काही लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहेत. मूळ इमारत पोर्ट्समथच्या नौदल तळावर अद्याप उभी आहे.