शिलकेचा अर्थ

लेखा-परीक्षेला बसणाऱ्या तरुणांच्या हाती जी पुस्तके असतात, त्यांत सरकारी जमाखर्चाचे नियम क्रमांकवार दिलेले असतात. विद्यार्थी ते घोकतो, उत्तरपत्रिकेत उतरवितो आणि पुढे विसरतो. यात त्याचा दोष नाही. नियम कोणत्या वादातून जन्मास आला हे न सांगता तो शिकविला, म्हणजे तो निर्जीव होतो. म्हणून आज आपण या नियमांपैकी तीन-चार घेऊन त्यांच्या पाठीमागे काय घडले ते पाहू.

हिशेब ठेवण्याची विद्या आपणांस साहेबाने शिकविली, असा एक समज आहे. तो खरा नव्हे. जमा, खर्च, बाकी, बेरीज, रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद हे शब्द आपल्या दफ्तरखान्यांतलेच होत. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत जमाखर्चासाठी अमात्य होता. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात ‘एकबेरीज’ नावाची शाखा पुण्यास बसून साऱ्या जमाखर्चाची वर्गवारी करी व वर्षाचा गोषवारा काढी. नाना फडणविसांच्या हाती ही व्यवस्था शिस्तीस आली, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसुलाचे मक्ते देण्याची चाल वाढून तीच व्यवस्था ढासळली. परंतु चांगल्या काळातही एक गोष्ट लक्षात ठेविली पाहिजे. तो हिशेब धन्यासाठी होता. रयत पैसा देई, पण त्या पैशाचे काय झाले हे विचारण्याचा अधिकार रयतेस नव्हता.

इंग्रजी अमलातही धनी बदलला, हा प्रश्न बदलला नाही. 1860 साली जेम्स विल्सन यांनी कलकत्त्यास हिंदुस्थानचे पहिले अंदाजपत्रक मांडले. 1867 पासून सरकारी वर्ष 1 एप्रिलपासून 31 मार्चपर्यंत धरले जाऊ लागले, आणि ती प्रथा आजही चालू आहे. 1892 च्या कायद्याने कौन्सिलातील सभासदांस अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली. बोलण्याची, मत देण्याची नव्हे! आकडे आधीच ठरलेले असत. सभासदांनी भाषणे करावीत व घरी जावे, एवढेच.

अशा सभेत 26 मार्च 1902 रोजी गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले. वय पस्तीस, फर्ग्युसन कॉलेजातील अध्यापनातून नुकतेच मोकळे झालेले. सरकारी पत्रकात त्या वर्षी मोठी शिल्लक दिसत होती, आणि तिच्याबद्दल समाधान व्यक्त होत होते. देशाने नुकतेच दोन भयंकर दुष्काळ पाहिले होते, प्लेग ठाण मांडून बसला होता. तरी तिजोरीत शिल्लक! गोखल्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. ही शिल्लक आली कोठून?

त्यांचे उत्तर समजण्यास थोडे गणित करावे लागेल. सरकारला विलायतेस दरसाल पौंडांत मोठी रक्कम पाठवावी लागे. रुपयाचा भाव घसरत घसरत तेरा पेन्सांच्या आसपास आला, तेव्हा एका पौंडास अठरा रुपयांहून अधिक पडू लागले. रुपया घसरत असतानाच्या या ओढगस्तीच्या काळात कर वाढविले गेले. 1888 साली मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर गेला. पुढे 1893 साली टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद झाल्या, रुपयाचा भाव चढला आणि सोळा पेन्सांवर स्थिरावला. आता तोच पौंड पंधरा रुपयांत मिळू लागला. म्हणजे पौंडामागे तीन रुपयांहून अधिक वाचले. पण वाढविलेले कर मात्र तसेच राहिले. हा फरक म्हणजेच ती शिल्लक. ती देशाच्या भरभराटीची खूण नव्हे, तर गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची खूण होय, असे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले.

त्यांच्या हाती मत नव्हते, फक्त वही होती. पण 1903 साली मिठाचा कर मणामागे आठ आण्यांनी उतरला, आणि प्राप्तिकराची माफी पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. हे एकट्या भाषणाने झाले, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आकड्यांना विचारलेला प्रश्न गरिबाच्या भाकरीवरच्या मिठापर्यंत कसा पोहोचतो, हे त्यावरून दिसते.

आता परीक्षेतील नियमांकडे वळू, म्हणजे ते निराळे दिसतील. कायद्याच्या अधिकाराखेरीज कर बसविता येणार नाही, असे घटनेचे 265 वे कलम सांगते. सरकारचा महसूल व काढलेली कर्जे संचित निधीत जमा होतात, आणि विधिमंडळाच्या कायद्यावाचून त्यातून एक पैही निघत नाही. हे 266 वे कलम. भविष्यनिर्वाह निधी, अल्पबचतीच्या ठेवी हा पैसा सरकारच्या हाती असला तरी त्याचा नव्हे, परत करावयाचा आहे. म्हणून तो लोकलेख्यात निराळा. अकल्पित संकटासाठी आकस्मिकता निधी; केंद्राचा हा निधी 2021 साली तीस हजार कोटींचा करण्यात आला. मंजूर रक्कम 31 मार्चपर्यंत खर्च झाली नाही तर मंजुरी संपते. या नियमामुळे मार्चअखेर कचेऱ्यांत घाईगर्दीने खर्च होतो हे खरे. पण त्याचा हेतू असा, की सरकारने दरसाल नव्याने लोकप्रतिनिधींच्या दारी यावे. 1902 साली गोखल्यांजवळ जे नव्हते, ते येथे नियम होऊन बसले आहे.

राहिली तपासणी. डॉ. आंबेडकरांनी कंपनी सरकारचा अर्थव्यवहार आणि प्रांतिक वित्तव्यवस्था यांचा विद्यार्थिदशेतच सखोल अभ्यास केला होता. 1949 साली घटना समितीत त्यांनी महालेखापरीक्षकास घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले, ते याच अभ्यासाच्या बळावर. त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच सहजासहजी दूर करता येत नाही, व त्याचा पगार दत्तमत नव्हे तर भारित खर्चात मोडतो, यामागील कारण उघड आहे. ज्याने धन्याची वही तपासायची, त्याचे पोट धन्याच्या मर्जीवर असता कामा नये.

मात्र नियम वही राखतात, अर्थ लावीत नाहीत. शिल्लक असो वा तूट, ती कोठून आली आणि तिचा भार कोणावर पडला, हे विचारण्याचे काम नियमांनी कोणाच्याही हाती दिलेले नाही. ते आपणा सर्वांचे आहे. परीक्षेस बसणाऱ्या तरुणांनी नियम अवश्य पाठ करावेत. पण उद्या कचेरीतल्या मेजावर एखादी शिल्लक समोर आली, तर मिठाच्या त्या आठ आण्यांची आठवण ठेवावी.