गाठीखालच्या मीठपाण्याची कुळकथा

तलासरीकडच्या दवाखान्यात अंगात कणकण असो की नुसता थकवा, पेशंटच सांगतो, ‘डॉक्टर, एक सलाइन लावा.’ या मीठपाण्याचं दुसरं काम डहाणू-तलासरीत फारसं कुणाला ठाऊक नसेल. आतड्यातली गाठ पोट न फाडता, दुर्बिणीतून काढायची असते तेव्हा तिच्याखाली हेच पाणी टोचतात.

मोठ्या आतड्याची भिंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. अस्तरावर चपटा पॉलिप, म्हणजे अशी गाठ, आला आणि तारेचा फास टाकून विजेने कापायला गेलं, की खालचा स्नायू भाजायची, भोक पडायची धास्ती. १९५५ साली नॉर्मन रोझेनबर्ग या सर्जनने पॉलिप जाळण्याआधी अस्तराखाली सलाइन भरलं. तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं अस्तर स्नायूपासून सुटून वर आलं. पुढे लवचिक दुर्बीण आली आणि १९७३मध्ये डेहले यांनी ही युक्ती मोठ्या आतड्यात आणखी आतवर नेली.

पण मीठपाणी टिकत नाही. काही मिनिटांत जिरतं, फुगवटा बसतो, पुन्हा टोचा. म्हणून दाट द्रावणाचा शोध सुरू झाला, आणि गंमत अशी की बराच काळ कुणी नवं काही बनवलंच नाही. दुसऱ्या आजारांच्या कपाटातलं उचललं. मेंदूची सूज उतरवणारं ग्लिसरॉल-फ्रुक्टोज जपानी डॉक्टरांनी आतड्यात वापरलं. रक्तस्राव झालेल्या रुग्णाला देतात ते जिलेटिनचं आणि स्टार्चचं द्रावण इथेही चाललं. तीव्र ग्लुकोज मीठपाण्यापेक्षा जास्त वेळ टिकलं, पण त्याने आजूबाजूच्या पेशींनाच इजा होते.

सगळ्यात लांबचा प्रवास हायलुरोनिक आम्लाचा. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांना ते गाईच्या डोळ्यात सापडलं. नंतर ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढू लागले. पाड्यावर नवसाचा कोंबडा कापताना तुऱ्याकडे कोण बघतो! डोळ्याच्या शस्त्रक्रियेत रुळलेलं हे द्रव्य यामामोतो यांनी १९९९मध्ये पॉलिपखाली टोचलं. त्याचा गुण असा की दाब पडला की पातळ होतं आणि दाब सुटला की पुन्हा दाटतं. दुर्बिणीतली सुई लांब आणि केसासारखी बारीक. दाट द्रावण तिच्यातून ढकलताना मदतनिसाचा अंगठा दुखून येतो, म्हणून हा गुण मोलाचा. आज ते बहुतेक जिवाणूंकडून तयार करून घेतात, तरी सलाइनपुढे महागच.

नव्या जेलांचा रोखही तिकडेच आहे: सुईत पातळ, आत गेल्यावर घट्ट. मात्र फार टिकणंही बरं नाही. अशा एका जेलचे अवशेष काही रुग्णांच्या भिंतीत राहिले आणि नंतर तपासणाऱ्यांना तिथे नवीनच गाठ असल्यासारखं वाटलं.

द्रावणात बहुधा निळा रंगही मिसळतात. गाठ कापल्यावर खालची जागा एकसारखी निळी दिसली की डॉक्टर निश्चिंत. निळ्यात पांढरी चकती दिसली, तर स्नायू कापला गेल्याची शंका. लगेच क्लिपा लावून जागा मिटवायची.

माझ्या मते नव्या द्रावणाची खरी परीक्षा तालुक्याच्या रुग्णालयात आहे. शीतकपाट न लागणारं, साध्या सुईतून जाणारं आणि सलाइनच्या आसपास किमतीचं असेल, तरच ते आपल्या कामाचं. अर्थात दुर्बीण आणि ती हाताळणारा डॉक्टर आधी हवा. त्यासाठी इथल्या माणसाला अजून बहुधा मुंबई नाहीतर वापी गाठावी लागते.

आणि एक गोष्ट कुठल्याच द्रावणाला जमत नाही. कर्करोग खोल रुजला असेल तर टोचूनही गाठ उचलली जात नाही. जपानी डॉक्टर ऊनो यांनी ही खूण १९९४मध्ये नोंदवली. मग पोट उघडण्याची वेळ येते. तेव्हा शौचावाटे रक्त पडलं तर मूळव्याधच असेल म्हणून झाडपाल्यावर महिने काढू नका, तपासून घ्या.