वाढत्या गावाजवळ गोठ्यासाठी जमीन घेताय? आधी हे तपासा

संगमनेर, मंचर, बारामती यांसारख्या गावांबाहेर हल्ली एकाच रस्त्यावर दूध संकलन केंद्रही दिसतं आणि 'एनए प्लॉट'चा फलकही. दूधधंदा करणाऱ्याला अशी जागा सोयीची वाटते. रोजचा रतीब घालायला गिऱ्हाईक जवळ, डॉक्टर जवळ आणि दुधाचा टेम्पो दारात. पण इथल्या जमिनीचा भाव दुधावर ठरत नाही, तो प्लॉटवर ठरतो. खरेदीत फसगत होते ती बहुतेक वेळा इथेच.

जमीन नक्की किती लागते?

गायींना राहायला फार जागा लागत नाही. मुक्त संचार गोठ्यात एका गायीला साधारण २०० चौरस फूट धरले, तरी १० गायी दोन गुंठ्यांत मावतात. चारा, मुरघास आणि शेणखताची जागा मिळून पाच-सहा गुंठे पुरे होतात. बाकीची जमीन लागते ती चाऱ्याला. एका दुभत्या गायीला दिवसाला २५ किलो हिरवा चारा धरला, तर १० गायींना वर्षाला सुमारे ९० टन लागतो. बारमाही पाणी असेल तर संकरित नेपियरसारखं गवत एक-दीड एकरात एवढा चारा देतं. थोडा मका आणि पडती जमीन धरून हिशेब दोन एकरांवर जातो.

आता समजा, गावालगत एकरी ४० लाख रुपये भाव आहे. दोन एकरांचे ८० लाख झाले. हेच पैसे बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते, तर वर्षाला ५ लाख ६० हजार रुपये व्याज आलं असतं. दुसरीकडे, रोजचं १०० लिटर दूध ३५ रुपयांनी गेलं, तर वर्षाचे पावणेतेरा लाख होतात. त्यातले साठ टक्के चारा आणि पशुखाद्यात जातात, उरतात पाच लाखांच्या आसपास. मजूर, औषधं आणि वीजबिल त्यातूनच भागवायचं. म्हणजे गोठा नीट चालला तरी नुसत्या व्याजाइतकंही हाती राहत नाही.

शिवाय ३५ रुपये कायम मिळतील असंही नाही. २०२४ मध्ये गायीच्या दुधाचे भाव पडले, तेव्हा राज्य सरकारला आधी लिटरमागे ५ आणि नंतर ७ रुपये अनुदान द्यावं लागलं होतं.

म्हणून गोठ्यापुरती जमीन विकत घ्यायची आणि चाऱ्यासाठी आतल्या गावात जमीन खंडाने करायची किंवा मुरघासासाठी शेतकऱ्याकडून उभा मका घ्यायचा, हा मार्ग अनेकदा जास्त परवडतो. मात्र पाच गुंठ्यांचा तुकडा सहसा घेता येत नाही. तुकडेबंदी कायद्यानुसार २०२३ पासून ग्रामीण भागात जिरायतीसाठी किमान २० आणि बागायतीसाठी १० गुंठे क्षेत्र ठरलेलं आहे. आणि खरेदीदार आधीपासून शेतकरी नसेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही.

शेजारी उद्या कोण येणार?

आज शेजारी ऊस आहे म्हणून उद्याही असेलच असं नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन निवासी वापरासाठी आणणं सोपं झालं आहे. गंमत म्हणजे, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या डेअरी फार्मसाठीच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही निवासी वस्तीपासून २०० मीटर अंतर सांगितलं आहे. म्हणजे जिथे घरं होणं सोपं, तिथेच गोठा अडचणीत. बंगले झाले की शेणाच्या वासाच्या तक्रारी सुरू होतात, मग गोठा कितीही जुना असो. त्यामुळे गट नंबर घेऊन नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढावा आणि विकास योजनेत त्या गटावर रस्ता किंवा आरक्षण आहे का, हे पाहावं.

सातबाऱ्यावर काय पाहायचं?

भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल, तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींचे हक्क दिसू शकतात. जुने फेरफारही वाचावेत, कारण वारसाचं राहून गेलेलं नाव तिथे सापडतं.

विहीर सामाईक असेल, तर पाण्यातला हिस्सा आणि पाळी खरेदीखतात यायला हवी. विहीर आणि बोअरचं पाणी एप्रिल-मे महिन्यात पाहावं, दिवाळीत सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात. उन्हाळ्यात एक दुभती गाय दिवसाला ८०-१०० लिटर पाणी पिऊ शकते, गोठा धुण्याचं पाणी वेगळं.

रस्त्याबाबत 'आमची वहिवाट आहे' एवढ्यावर थांबू नये. बांधावरून रस्ता मिळण्यासाठी कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, पण दुधाचा टेम्पो निकालाची वाट पाहत थांबत नाही. रस्त्याची रुंदी आणि तो कोणत्या गटातून जातो हे खरेदीखतात लिहून घ्यावं, त्या गटाच्या मालकाची संमतीही घ्यावी.

सरकारी मोजणी इसारानंतर करायची असेल, तर इसारपावतीतच एक अट घालावी: मोजणीत क्षेत्र कमी भरलं, तर किंमत त्या प्रमाणात कमी होईल.