पांढऱ्या कुत्र्यावरचा डाग काय सांगतो?

ऑगस्ट २०१७ मध्ये नवी मुंबईजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीतले काही फोटो जगभर फिरले. कदाचित तुम्हीही पाहिले असतील. रस्त्यावरची साधी भटकी कुत्री, पण रंगाने चक्क निळी. अनेकांना वाटलं, फोटोत काहीतरी गडबड आहे. फोटोत गडबड नव्हती. खाणं शोधत ही कुत्री कासाडी नदीच्या पात्रात आणि कारखान्यांच्या आसपास फिरत होती, आणि तिथलं निळं रंगद्रव्य त्यांच्या अंगाला लागलं होतं. काळ्या कुत्र्यावर ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. इथे आलं, कारण ही कुत्री पांढरी होती.

तळोजाकडे आपण परत येऊच. आधी एक साधा प्रश्न: कुत्र्याचा पांढरा रंग मुळात आला कुठून? आणि त्यावर डाग पडला की आपल्याला तो इतका का खुपतो?

तुम्ही ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत राहत असाल, तर पार्कात ‘वेस्टी’ नक्की भेटला असेल. वेस्ट हायलंड व्हाइट टेरियर, म्हणजे बुटका, पांढराशुभ्र, काळ्याभोर नाकाचा. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात कोल्हे आणि बिज्जू बिळातून बाहेर काढायला असे टेरियर पाळत, आणि ते बहुतेक करडे, तांबूस किंवा मातकट असत. एकाच वेतात एखादं पिल्लू पांढरं निघे. आर्गाइलमधल्या पोल्टॅलॉक इस्टेटीचे मालक कर्नल एडवर्ड माल्कम यांच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात. शिकारीच्या गडबडीत त्यांनी आपल्याच तांबूस कुत्र्याला कोल्हा समजून गोळी घातली, आणि त्यानंतर फक्त पांढरी कुत्री वाढवायची असं ठरवलं. आख्यायिका असली तरी तिच्यातलं कारण शिकाऱ्याला पटणारं आहे: झाडीत पांढरं कुत्रं लगेच ओळखू येतं. १९०७ मध्ये क्रफ्ट्सच्या प्रदर्शनात ही जात आजच्या नावाने उतरली, आणि शिकारीची सोय म्हणून निवडलेला रंग प्रदर्शनाचा नियम झाला.

समोयेडचंही तसंच. उत्तर रशियातले नेनेत्स लोक या कुत्र्यांच्या मदतीने रेनडिअरचे कळप राखत, आणि तिथे काळी, तपकिरी, पांढरी, ठिपक्यांची, सगळ्या रंगांची कुत्री होती. १८८९ मध्ये अर्नेस्ट किलबर्न-स्कॉट या इंग्रज गृहस्थांनी अर्खांगेल्स्कहून एक पिल्लू इंग्लंडला आणलं. ते तपकिरी होतं! पुढे इंग्लंडमध्ये पांढऱ्या आणि फिकट रंगाच्या कुत्र्यांची निवड होत गेली, आणि आज ‘समोयेड’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फक्त बर्फासारखं पांढरं कुत्रं येतं.

म्हणजे पांढरेपणा ही या जातींची नैसर्गिक मूळ अवस्था नाही. गेल्या दीडेकशे वर्षांत माणसांनी केलेली ती निवड आहे.

पांढरा म्हटला तरी सगळा पांढरा एक नसतो. वेस्टी किंवा समोयेडच्या अंगात रंग बनवणाऱ्या पेशी असतात, म्हणून नाक आणि डोळ्यांच्या कडा काळ्या राहतात. फक्त केसात उतरणारा रंग इतका फिका असतो की आपल्याला तो पांढरा वाटतो. दुसऱ्या प्रकारात त्वचेच्या मोठ्या भागात रंगपेशी पोचलेल्याच नसतात. १८६० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स यांनी लोकप्रिय केलेला पांढरा बुल टेरियर हा असा. आता रंगपेशी फक्त त्वचेत नसतात. आतल्या कानातही त्या लागतात, कारण त्यांच्याशिवाय ऐकू येण्याची यंत्रणा टिकत नाही. म्हणून या प्रकारच्या पांढऱ्या कुत्र्यांमध्ये जन्मजात बहिरेपण जास्त दिसतं. रंगाची हौस माणसाची, किंमत कुत्र्याच्या कानाची.

आता डागांकडे वळू. पांढऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांखाली, तोंडाभोवती आणि पंजांवर जो तांबूस-तपकिरी रंग चढतो, त्याचं मोठं कारण पॉर्फिरिन नावाची द्रव्यं. रक्ताला लाल रंग देणारं हीम शरीरात तयार होतं, तेव्हा त्या साखळीत पॉर्फिरिन बनतात. त्यांचा थोडा अंश अश्रूंतून आणि लाळेतूनही बाहेर पडतो, आणि केसांवर साठून गडद दिसू लागतो. हीमची रचना उलगडल्याबद्दल हान्स फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १९३० मध्ये नोबेल मिळालं. तेव्हा तुमच्या सोफ्यावर बसलेल्या कुत्र्याच्या गालावरच्या त्या ओघळामागे बरंच मोठं रसायनशास्त्र आहे.

काळ्या लॅब्राडोरच्या डोळ्यांतूनही तेच पाणी येतं, फक्त दिसत नाही. प्रश्न असा विचारायला हवा: पाणी इतकं का वाहतंय? अश्रूंची नळी बुजली असेल, पापणीचा केस डोळ्याला टोचत असेल, किंवा चपट्या चेहऱ्यामुळे डोळ्याची खोबणच उथळ असेल. पंजे तपकिरी झाले असतील तर कुत्रं ते सतत चाटतंय, आणि सतत चाटण्यामागे बऱ्याचदा खाज असते. वेस्टींमध्ये तर त्वचेची ॲलर्जी नेहमीचीच. केस कायम ओले राहिले की तिथे यीस्टही वाढतं. थोडक्यात, डाग हा आजार नाही. आत काहीतरी चाललंय, त्याची ती खूण आहे.

पण माणसाने खूण वाचण्याऐवजी पुसण्यावरच भर दिला. प्रदर्शनात उतरणाऱ्या टेरियरच्या अंगावर खडूची भुकटी चोळायची पद्धत इतकी रुळली, की केसांचा रंग किंवा पोत बदलणारा पदार्थ अंगावर ठेवून कुत्रं रिंगणात आणायचं नाही, असा नियम ब्रिटनच्या केनेल क्लबला करावा लागला. मग आले निळे-जांभळे शाम्पू. ही युक्ती तुमच्या आजीला विचारा, लगेच कळेल. पिवळट पडलेलं धोतर शेवटच्या पाण्यात नीळ घालून काढायचं. पिवळेपणा जात नाही, निळ्याखाली झाकला जातो, आणि डोळ्याला कापड शुभ्र वाटतं. कुत्र्याच्या शाम्पूत तेच होतं.

इथपर्यंत ठीक. पण डोळ्यांखालचे डाग ‘आतून’ घालवायचे म्हणून खाण्यात मिसळायच्या पावडरीही बाजारात आल्या, आणि त्यांपैकी काहींमध्ये टायलोसिन हे प्रतिजैविक होतं. टायलोसिन एरवी डुकरं, कोंबड्या आणि गाईगुरांच्या आजारांवर वापरतात. २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा काही उत्पादकांना इशारापत्रं पाठवली, कारण या वापराला मान्यताच नव्हती. विचार करा: निरोगी जनावराला निव्वळ गाल पांढरे दिसावेत म्हणून प्रतिजैविक द्यायचं, आणि औषधाला दाद न देणारे जिवाणू वाढायला आपल्या हाताने जागा करून द्यायची.

आपल्याकडेही पांढऱ्या कुत्र्याचं आकर्षण काही कमी नव्हतं. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी आठवतो? पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधून ज्याला सगळे ‘पॉमेरियन’ म्हणत, तो बहुतेक वेळा असाच पांढरा इंडियन स्पिट्झ असायचा. घरातला पांढरा कुत्रा म्हणजे आंघोळ, पावडर, गळ्यात रिबन. रस्त्यावरच्या पांढऱ्या कुत्र्याला मात्र कोण बघतंय?

२०१७ मध्ये बघितलं, कारण तो निळा झाला.

तळोजा वसाहतीत रसायनं, औषधं, अभियांत्रिकी आणि अन्नप्रक्रियेचे मिळून हजाराच्या आसपास कारखाने. कासाडीचं पाणी खराब झाल्याची, मासे मिळेनासे झाल्याची तक्रार तिथले कोळी बांधव आधीपासून करत होते. त्यांनी अर्ज केले, दाद मागितली. मग प्राण्यांसाठी काम करणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांनी निळ्या कुत्र्यांचे फोटो काढून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार केली. बातमी परदेशी वर्तमानपत्रांत पोचली, आणि मंडळाने काही दिवसांतच एका खासगी कारखान्याला टाळं लावायला लावलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये रशियातल्या झेर्झिन्स्क शहरात, एका बंद पडलेल्या रसायन कारखान्याजवळ, पुन्हा अशीच निळी कुत्री दिसली आणि पुन्हा जगभर बातमी झाली.

मला या गोष्टीत खटकतं ते हे. मासेमारीवर पोट असलेली माणसं नदीबद्दल सांगत होती, तेव्हा यंत्रणा सुस्त होती. कुत्र्याच्या अंगावर रंग दिसला, तेव्हा ती हलली. आणि कुत्र्याच्या अंगावरचा रंग धुऊन काढता येतो, पण नदी अशी बादलीभर पाण्याने धुता येत नाही. रंग उतरला की बातमीही उतरते. वेस्टीच्या गालावरचा डाग पुसून आपण त्याच्या डोळ्याचं दुखणं विसरतो, तसंच हे.

तेव्हा तुमच्या घरी पांढरं कुत्रं असेल आणि त्याचा पंजा तपकिरी दिसू लागला, तर शाम्पूची बाटली उचलण्याआधी जरा थांबा. ते पाय किती वेळ चाटतं, कुठल्या ऋतूत चाटतं, खाणं बदलल्यावर काही फरक पडला का, हे आठवडाभर लिहून ठेवा आणि ते टिपण घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि पुढच्या भारतभेटीत पनवेलकडे जाणं झालं, तर कासाडीच्या पुलावर गाडी दोन मिनिटं थांबवा आणि खाली पाण्याचा रंग बघा. त्या दिवशी पुलाखाली एकही निळं कुत्रं नसेल, तरी बघा.