कोपरावरचे काटे आणि सरकारी रकाने

१८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडात २८ लाख ९७ हजार माणसं भरली. १९०१ साली ती २७ लाख ५४ हजारांवर आली. मधल्या काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडून गेले. एवढी माणसं कशाने गेली हे पाहायला त्या काळचे मृत्यूचे तक्ते उघडावेत, तर पटकी, देवी, ताप, हगवण, इजा आणि ‘इतर’ हेच रकाने समोर येतात. भुकेला रकाना नव्हता. उपाशी पोर गेलं की ते तापाच्या नाहीतर हगवणीच्या आकड्यात जमा होई. मुलांच्या अंगाकडे सरकार बघतच नव्हतं असंही नाही. देवी डॉक्टर गावोगाव फिरून पोरांचे दंड उघडे करायला लावी आणि लशीचा वण उठला की नाही ते तपाशी. त्याच हाताच्या कोपरावर कुपोषणाची खूण असलेले काट्यांसारखे टणक, खरखरीत पुरळ असले तरी ते बघणं त्याच्या कामात बसत नव्हतं. वऱ्हाडातल्या कुपोषणाचा इतिहास मला दंडावरचा वण आणि कोपरावरचे काटे यांमधल्या या थोड्याशा अंतरात दिसतो. कातडी सांगत आली, पण प्रत्येक काळाने मोजायला दुसरंच काहीतरी निवडलं.

यावर कुणी म्हणेल, की त्या वेळी हे शास्त्रच नव्हतं, मग दोष कुणाला द्यायचा? आक्षेप अर्धा खरा आहे. ‘क्वाशिओरकोर’ हे नाव सिसिली विल्यम्स यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या मुलांवरून वैद्यकाला दिलं ते १९३५ मध्ये. कोपर-गुडघ्यांवरच्या बेडकासारख्या कातडीची चर्चाही १९३० च्या दशकातलीच. पण दुष्काळात पायावर चढणारी सूज आणि संध्याकाळ झाली की न दिसणं, या गोष्टी डॉक्टरांना त्याआधीपासून ठाऊक होत्या. शिवाय शास्त्र आल्यावर तरी काय झालं? कुन्नूरच्या पोषण-संशोधन प्रयोगशाळेत एक्रॉइड आणि त्यांचे सहकारी दक्षिणेतल्या शाळकरी मुलांची कातडी, ओठांचे चिरलेले कोपरे, डोळ्यांतले पांढुरके ठिपके नोंदवत होते. म्हणजे पाहायचं ठरवलं की दिसत होतं. पुढे हैदराबादच्या संशोधनातून गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारी खाणाऱ्यांतल्या पेलाग्राचा, म्हणजे कातडीवर उमटणाऱ्या कमतरतेच्या आजाराचा, संबंध तिच्यातल्या ल्यूसिन या अमिनो आम्लाशी जोडला. या मांडणीवर नंतर वाद झाले, आणि पेलाग्रा मुलांपेक्षा मोठ्यांतच अधिक आढळतो. तरी ज्वारीवर वाढलेल्या वऱ्हाडी माणसाने एवढं लक्षात घ्यावं, की भाकरी एकटीच ताटात उरली तर बोट भाकरीकडे नव्हे, रिकाम्या ताटाकडे दाखवायला हवं.

मेळघाटात हीच चूक उलट्या बाजूने झाली. १९९३ च्या सुमारास तिथले बालमृत्यू गाजू लागले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि कोरकू आदिवासी मुलाच्या पोटावरचा डंबा सगळ्यांच्या डोळ्यांवर आला. पोट फुगलं की भूमका, म्हणजे गावचा वैदू, तापल्या विळ्याने चटके देतो, त्याचे हे व्रण. प्रथा घातक आहे, तिची भलामण करण्याचं कारण नाही. पण पोट फुगतं कशामुळे, हा प्रश्न त्या व्रणाखाली झाकला गेला. अंधश्रद्धेची बातमी होते. केसांचा तांबूस, विरळ झुपका आणि पिंडरीवरची सुटत चाललेली काळपट पापडी यांची होत नाही. दुसरीकडे अंगणवाडीत वजनकाटा आला. त्याने फार मोठं काम केलं, पण सुजवटी, म्हणजेच क्वाशिओरकोर, झालेल्या पोराला तो फसतो. अंगात साठलेलं पाणीही वजनात धरलं जातं आणि सुकटीच्या, म्हणजे वाळून गेलेल्या, मुलापेक्षा ते बरं भरतं. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठा काही क्षण दाबून धरला आणि खळगा तसाच राहिला, तर कुठलाही काटा न लागता निदान होतं.

कातडीवर भरवसा किती ठेवायचा, हा आक्षेप मात्र जड आहे. खरूज, नायटा, ऊन, मळ यांत खुणा मिसळतात. कोपरावरच्या काट्यांना आधी फक्त ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता जबाबदार धरली गेली. नंतर ‘ब’ गटाचं आणि तेलातल्या आवश्यक स्निग्धाम्लांचंही नाव पुढे आलं. त्वचारोगाच्या पुस्तकांतली चित्रं बहुधा गोऱ्या अंगाची, त्यामुळे सावळ्या पोराची फिकट चट्ट्यांची कातडी ओळखायला नजरच तयार होत नाही. हे सगळं मान्य. पण वजन फक्त किती कमी पडलं ते सांगतं, काय कमी पडलं ते सांगत नाही. ते विचारायला ओठ, डोळे, कातडी, केस यांच्याकडेच जावं लागतं, आणि एकाच खुणेवर न थांबता तीनचार जुळवून बघाव्या लागतात. अतितीव्र कुपोषणाच्या आजच्या निकषांत दोन्ही पायांवरच्या सुजेला जागा मिळाली आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत कमतरतांच्या सदरात रक्तक्षय, डोळ्यांतले बिटॉटचे ठिपके, मुडदूस, गलगंड आहेत. कातडीचा उल्लेख त्या यादीतही आहे, पण आजारांच्या सदरात: खरूज, बुरशी आणि इसब.